बरोबर दिसणाऱ्या उत्तरांचा धाक

बहुतेक सॉफ्टवेअर बिघडले की ते बिघडल्याचे लगेच कळते. पान उघडत नाही, पैसे जमा होत नाहीत, पडदा गोठतो आणि वापरणारा वैतागून तक्रार करतो. अभियांत्रिकी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा उघड बिघाड त्यातल्या त्यात निरुपद्रवी समजला जातो. आमच्याकडे ज्या दोषाची खरी धास्ती असते, तो उत्तराचा वेष घेऊन येतो. गणित पूर्ण होते, पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे देखणे चित्र उमटते, शेजारी आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत छापले जातात आणि तरीही ते सगळे चूक असू शकते. अशा कंपनीत अनेक वर्षे काढल्यावर देखण्या चित्राकडे पाहताना आधी संशय येण्याची जी सवय लागते, ती माझ्या मते या नोकरीने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि घरच्यांना तिचा त्रास होतो हेही खरे.

अभियांत्रिकी सॉफ्टवेअर म्हणजे ढोबळमानाने दोन कुळे. एक वस्तूचा आकार घडवणारे आणि दुसरे ती वस्तू तिच्यावर येणारा भार, उष्णता किंवा कंपन सोसेल का हे तपासणारे. पहिल्या कुळाचा आरंभ आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत मांडलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रोग्राममध्ये शोधला जातो, ज्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघ ओढता येत होती. दुसऱ्या कुळाची मुळे विमानाच्या पंखांत आहेत. टर्नर, क्लाफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ मध्ये विमानाच्या सांगाड्याचा ताठरपणा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९६० मध्ये रे क्लाफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. वस्तूचे हजारो, आता तर लाखो, छोटे तुकडे म्हणजेच एलिमेंट करायचे, प्रत्येक तुकड्याची सोपी समीकरणे लिहायची, ती एकमेकांना जोडायची आणि सगळी एकदम सोडवायची, एवढेच त्याचे सार. तुकड्यांच्या या जाळ्याला सगळे ‘मेश’ म्हणतात, समीकरणे सोडवणाऱ्या भागाला ‘सॉल्व्हर’ म्हणतात, आणि माझी सगळी नोकरी या दोहोंच्या आसपास गेली आहे.

वस्तूचे तुकडे केले की उत्तर अंदाजी होते, हे आमच्या धंद्यातले पहिले सत्य. तुकडे जितके बारीक तितके उत्तर खऱ्याच्या जवळ जाते, असे शिकवले जाते आणि बहुतेक वेळा तसे घडतेही. म्हणूनच जिथे तसे घडत नाही तिथून आलेल्या तक्रारी मला फार बोलक्या वाटतात. ग्राहकांच्या शंका सोडवणाऱ्या विभागात काही काळ काम केले तेव्हा एक तक्रार निरनिराळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकली: “मॅडम, तुमचा सॉल्व्हर बिघडला आहे. मेश बारीक करतो तसा ताण वाढतच चालला आहे, थांबतच नाही.” फाईल मागवून उघडावी, तर कुठल्याशा धातूच्या ब्रॅकेटच्या आतल्या काटकोनी कोपऱ्यावर लाल ठिपका असतो. समजा चार मिलिमीटरच्या तुकड्यांवर तिथे १८० मेगापास्कल ताण दिसला, तर दोन मिलिमीटरवर तो सुमारे २४७ होतो आणि एक मिलिमीटरवर ३३८ च्या घरात जातो. प्रत्येक वेळी तुकडा निम्मा केला की ताण साधारण ३७ टक्क्यांनी चढतो. यात सॉल्व्हरचा काहीही दोष नसतो. पूर्ण धारदार आतल्या कोपऱ्यावर लवचीकतेच्या सिद्धांतानुसार ताण अनंत असतो, आणि बिचारा सॉल्व्हर मिळेल तेवढ्या बारीक तुकड्यांनी त्या अनंताचा इमानेइतबारे पाठलाग करत असतो. खऱ्या धातूच्या कोपऱ्याला थोडी तरी गोलाई असते, ती आकृतीत काढली की आकडा स्थिरावतो.

ग्राहकाला हे समजावणे अवघड नाही. अवघड प्रश्न त्यानंतर कंपनीच्या आत उभा राहतो, तो असा की अशा वेळी सॉफ्टवेअरने काय करावे. कोपरा ओळखून गणित करायचेच नाकारावे, तर त्या कोपऱ्याशी ज्याला कर्तव्य नाही, ज्याला फक्त दुसऱ्या टोकाची हालचाल हवी आहे, त्याचे काम विनाकारण अडते. काहीच बोलू नये, तर कोणीतरी पहिल्या जाडसर मेशवरचा १८० हा आकडा अहवालात लिहून मोकळा होतो. मधला मार्ग म्हणून इशारा द्यावा, तर इशाऱ्यांची आधीच एवढी गर्दी झालेली असते की त्या यादीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. विक्रीचे काम करणाऱ्यांना कधीही न थांबणारे सॉफ्टवेअर हवे असते, कारण प्रात्यक्षिक चालू असताना थांबलेला प्रोग्राम सौदा घालवतो. सॉल्व्हर लिहिणाऱ्यांना योग्य जागी थांबणारे सॉफ्टवेअर हवे असते. माझा कल उघडच दुसऱ्यांकडे आहे, पण पहिल्यांना मी पूर्वीइतके खलनायक समजत नाही, कारण ऊठसूट अडणारे सॉफ्टवेअर लोक बाजूला ठेवतात आणि मग अजिबात न अडणारे विकत घेतात.

या धाकाला एक ठोस तारीखही आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या गान्सफ्योर्डमध्ये ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवला जात असताना त्याच्या पोकळ कप्प्यांमधली एक भिंत फुटली, आणि सगळा पाया तळाशी जाऊन चक्काचूर झाला. जीवितहानी झाली नाही, नुकसान मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचे धरले गेले. चौकशीत निघाले ते असे की तीन कप्पे जिथे मिळतात त्या जागेचे विश्लेषण जाडसर आणि वेडावाकड्या तुकड्यांच्या मेशवर झाले होते, त्यामुळे तिथला कातर ताण, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला आणि भिंतीतल्या सळयांची रचनाही अपुरी राहिली. नंतर अधिक काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने ती भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती फुटली ६५ मीटरला.

हे शेवटचे दोन आकडे मला अपघाताच्या वर्णनापेक्षाही अधिक अस्वस्थ करतात. पद्धत चुकीची नव्हती, नीट वापरली असती तर तिने अवघ्या तीन मीटरच्या फरकाने सांगितले असते. त्या विश्लेषणासाठी वापरलेला प्रोग्राम नासासाठी घडवलेल्या ‘नॅस्ट्रान’च्या घराण्यातला होता, आणि दिलेल्या मेशवर त्याने दिलेले उत्तर त्या मेशपुरते बरोबरच होते. कायद्याच्या भाषेत इथे विषय संपतो. अशा प्रत्येक सॉफ्टवेअरच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते की निकाल तपासून पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्या अभियंत्याची आहे. ते कलम रास्त आहे, वकिलांनी ते लिहायलाच हवे. पण आमच्या इमारतीत सॉल्व्हरवर काम करणारे जे लोक मला खरोखर चांगले वाटतात, त्यांच्यापैकी एकालाही मी त्या कलमाचा आधार घेताना पाहिलेले नाही. वेडावाकडा तुकडा ओळखता येतो, त्याचे मोजमाप आहे, मग तो ओळखून आपण काय म्हणालो, एवढेच ते विचारतात.

आता रोजच्या कामाविषयी. दिवसाचा फार थोडा वेळ नवे काही लिहिण्यात जातो, हे नव्याने रुजू होणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. बराचसा वेळ काल बरोबर असलेले उत्तर आजही तेच येते का हे पाहण्यात जातो. रात्री हजारो जुनी मॉडेल नव्या प्रोग्रामवर चालवली जातात आणि सकाळी बदललेल्या उत्तरांची यादी समोर येते. त्या यादीत काही ओळखीचे चेहरे असतात. स्कॉर्डेलिस आणि लो यांच्या नावाने ओळखले जाणारे कसोटीचे दंडगोलाकार छत त्यांपैकी एक: त्रिज्या २५, लांबी ५०, जाडी पाव, स्वतःच्याच वजनाने झुकलेले. मोकळ्या कडेच्या मध्यावर ते ०.३०२४ इतके खाली यायला हवे. पातळ कवचासाठी एलिमेंट लिहिणाऱ्या जगातल्या कुठल्याही माणसाला अर्ध्या झोपेतून उठवून विचारले तरी तो हा आकडा सांगेल. गंमत अशी की सिद्धांतानुसार निघणारे मूल्य ०.३०८६ आहे, पण बहुतेक एलिमेंट त्याच्या किंचित खाली स्थिरावतात म्हणून सगळ्यांनी ०.३०२४ हेच प्रमाण मानले. सत्यापेक्षा सहमतीला जास्त मान मिळाल्याचे इतके निरागस उदाहरण दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात असेल की नाही, शंका आहे.

सकाळच्या यादीतले बहुतेक बदल शेवटच्या एकदोन अंकांचे असतात आणि तिथेच खरी परीक्षा होते. संगणकात दशांश संख्या साठवण्याचे १९८५ चे जे प्रमाण आहे, त्यानुसार ६४ बिटांच्या संख्येत सुमारे पंधरा ते सोळा अंक टिकतात, बाकीचे गळतात. त्यामुळे तीन संख्यांची बेरीज करताना आधी कोणत्या दोन मिळवल्या यावर शेवटचा अंक अवलंबून राहतो. शाळेत शिकलेला बेरजेचा नियम इथे मोडतो. एकच मॉडेल आठ प्रोसेसरवर चालवले आणि मग सोळांवर चालवले, तर बेरजा वेगळ्या क्रमाने होतात आणि उत्तर किंचित हलते. यातले खरे कोणते, असे ग्राहक विचारतो, आणि दोन्ही सारखेच खरे आहेत हे उत्तर त्याला पळवाट वाटते. बहुतेक गणितांत हा फरक विरून जातो. पण मोटारीच्या टकरीच्या गणितात पातळ पत्रा दुमडण्याच्या क्षणी या बाजूला दुमडायचे की त्या, हे शेवटच्या अंकावरही ठरू शकते, आणि मग त्या क्षणापासून पुढे दोन निरनिराळ्या टकरी घडतात.

म्हणून जुने आणि नवे उत्तर ताडून पाहताना थोडी सूट ठेवावी लागते. ही सूट किती ठेवायची यावर आमच्याकडे जेवढी भांडणे होतात तेवढी पगारावरूनही होत नाहीत. चाचणी नापास झाली, आवृत्ती बाहेर पडायची तारीख जवळ आली, फरक दिसायला नगण्य आहे, अशा वेळी सूट जराशी वाढवली की लाल ओळ हिरवी होते. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा याबाबतीतला शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो. फरक लहान आहे की मोठा हा प्रश्न ते विचारतच नाहीत. “तो का आला?” एवढेच विचारतात, आणि कारण हाती लागेपर्यंत सूट वाढवू देत नाहीत. दहाव्या अंकातल्या एका फरकाचा माग काढत गेल्यावर एकदा असे निघाले की एका रिकाम्या ठेवलेल्या जागेत आधीच्या गणिताची उरलेली संख्या वाचली जात होती. योगायोगाने ती संख्या त्या मॉडेलमध्ये नगण्य होती. दुसऱ्या मॉडेलमध्ये ती नगण्य राहिली असती, याची काहीच हमी नव्हती.

माणसांविषयी लिहायचे तर इथे दोन जातीचे लोक असतात. काही यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकून पुढे प्रोग्राम लिहायला लागलेले, आणि काही संगणकशास्त्र शिकून मग ताण-विकृतीच्या वाटेला आलेले. पहिल्यांचे प्रोग्राम वाचता वाचवत नाहीत, दुसऱ्यांच्या सुबक प्रोग्राममधून कधी कधी भौतिकशास्त्रच गळून पडते. सॉल्व्हरचा जुना भाग अजून फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे, सहा अक्षरांच्या आत कोंबलेल्या नावांचा. त्यात ०.८३३३ सारखा एखादा आकडा कसलीही टीप नसताना उभा असतो. नव्याने आलेल्या हुशार मुलाला तो निष्काळजीपणा वाटतो आणि तो बदलता येण्याजोगा करावा असे तो सुचवतो. तो आकडा पाच षष्ठांश आहे, पट्टीच्या जाडीत कातर ताण सगळीकडे सारखा नसतो म्हणून लावलेली दुरुस्ती आहे, आणि त्यामागे पुस्तकातली दोन पाने आहेत. मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर असते: तिथे टीप हवीच होती. पण ती कोणी लिहायची यावरून दोन्ही जाती एकमेकींकडे बोट दाखवतात.

जुन्या माहितीच्या फाईली वाचणे हा एक वेगळाच अध्याय आहे. नॅस्ट्रानच्या फाईलची ओळ अजूनही आठ-आठ अक्षरांच्या दहा खणांत विभागलेली असते, कारण कधीकाळी ती ८० स्तंभांच्या छिद्रपत्रावर टोचली जात होती. पत्रे गेली, ती टोचणारी यंत्रे गेली, खण राहिले. आठ अक्षरांत लहान संख्या मावावी म्हणून घातांकाचे अक्षरच गाळायची मुभा आहे, त्यामुळे तिथे ‘१.२-५’ असे लिहिलेले दिसते आणि त्याचा अर्थ १.२ गुणिले दहाचा उणे पाचवा घात असा असतो. ज्याला हे सांगितलेले नाही तो संख्या वाचण्याचे सरळसोपे फंक्शन लिहितो, आणि ते १.२ वाचून मुकाट्याने पुढे जाते. पुन्हा तेच: प्रोग्राम कुठेही अडत नाही, फक्त जाडी किंवा प्रसरणांक लाखपटीने वाढलेला असतो.

याहून मोठा सापळा एककांचा. या घराण्यातले सॉल्व्हर एकके ओळखतच नाहीत, त्यांना फक्त संख्या कळतात. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतले, तर वस्तुमान टनांत यायला हवे आणि पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात अशी लिहायला हवी. पुस्तकातली ७८५० ही घनता तशीच टाकली, तर वस्तूची नैसर्गिक कंपनसंख्या दहा लाखपटीने कमी निघते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना टोचते. पौंड आणि न्यूटन यांच्यातला फरक साडेचार पटीच्याही आत असतो, म्हणून तो निसटतो. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ गमावले गेले ते याच दोन एककांच्या गोंधळामुळे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकके निवडता येतात, पण आतल्या सॉल्व्हरकडे जाताना ती पुन्हा नुसत्या संख्याच होतात, आणि तो सांधा सांभाळणे हे एका लहानशा, फारशा कोणाला न दिसणाऱ्या गटाचे काम असते.

सुधारणा करण्यातही इथे वेगळीच अडचण आहे. एखादा एलिमेंट अधिक अचूक केला की आभार मानणाऱ्या पत्रांच्या आधी तक्रार येते, कारण कोणाच्या तरी विमानाचा सुटा भाग जुन्या उत्तराच्या आधारे मंजूर झालेला असतो आणि ते विमान अजून कित्येक वर्षे उडणार असते. मग जुनी रीत एका गुप्तशा पर्यायाच्या आड जिवंत ठेवावी लागते. असे पर्याय साठत जातात, त्यांची कारणे माहीत असणारे निवृत्त होतात, आणि कोणताही पर्याय काढून टाकायची कोणाची छाती होत नाही.

या सगळ्या कामात मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम मात्र प्रोग्राम लिहिण्याचे नाही. आधीच विकल्या गेलेल्या आवृत्तीत चुकीचे उत्तर देणारा दोष सापडला, तर ग्राहकांना तसे पत्र पाठवावे लागते. अणुभट्टीच्या सुरक्षेशी संबंधित वस्तू पुरवणाऱ्यांना अमेरिकेच्या नियमावलीतला ‘भाग २१’ दोष कळवण्याचे बंधन घालतो, आणि त्या क्षेत्रातले ग्राहक असलेल्या कंपन्यांना ही शिस्त अंगी बाणवावीच लागते. अशा पत्राचा मसुदा मी अनेकदा लिहिला आहे. कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत, कोणता एलिमेंट, कोणत्या प्रकारच्या भारासह वापरला असता, कोणता निकाल चुकतो आणि तो वाढून येतो की घटून, हे सगळे एका पानात मावले पाहिजे. मसुदा वरच्या मजल्यावर जाऊन येतो तेव्हा त्यात ‘क्वचित प्रसंगी’ हे दोन शब्द हमखास वाढलेले असतात. मी ते काढते. कारण जो माणूस नेमका तोच एलिमेंट तशाच भाराखाली रोज वापरतो त्याच्यासाठी ते क्वचित नसते, आणि त्या दोन शब्दांमुळे तो पुढचे वाचायचेच सोडून देईल. यावर दोन दिवस वाद चालतो, शेवटी सहसा शब्द जातात आणि त्यांच्या जागी आणखी एक अट नेमकेपणाने लिहिली जाते, जे दोन्ही पक्षांना परवडते.

पत्र गेल्यावर बहुतेक ग्राहक एका ओळीत कळवतात की ही जोडणी आम्ही वापरत नाही. एखादा मात्र जुन्या अहवालांची यादी काढतो आणि त्यातली काही गणिते पुन्हा चालवायची ठरवतो. ती ज्या आवृत्तीवर केली होती तिचा परवाना त्याच्याकडे आता नसतो, तेव्हा तो आमच्याकडेच मागतो. आम्ही तो विनामूल्य देतो, सोबत दुरुस्त केलेली आवृत्तीही देतो, आणि दोन्हींच्या निकालांतला फरक आम्हालाही कळवावा एवढी विनंती करतो.